गोठणगावचे तिबेटी आणि १७ कलमांचा कागद

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)



नोव्हेंबर लागला की विदर्भातल्या शहरांमध्ये स्वेटरचा एक बाजार भरतो. नागपुरात त्याला सगळे तिबेटी मार्केटच म्हणतात. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी कॉलेजात असताना तिथून जॅकेट घेतलं असेल, भाव करून पाहिला असेल आणि तो फारसा उतरलाही नसेल. आता यातल्या एखाद्या मावशींना विचारा, ‘तुम्ही कुठल्या?’ उत्तर ल्हासा येईल, धरमशाला येईल असं आपल्याला वाटतं. पण एखादी मावशी सरळ सांगू शकते, ‘गोठणगाव. तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया.’

हो, आपलंच गोठणगाव. इटियाडोह धरणाचं. शेजारी प्रतापगड, जिथे महाशिवरात्रीला यात्रा भरते. त्या भागात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नाव नॉर्ग्येलिंग. महाराष्ट्रातली ही तिबेटी वसाहत त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होती, कारण गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. तिथे धानाच्या बांध्या आहेत, बौद्ध मठ आहे, प्रार्थनेच्या रंगीत पताका आहेत. आणि हिवाळा आला की लोक स्वेटरची गाठोडी घेऊन शहरांकडे निघतात.

‘हे लोक इथे आले कसे?’ असं विचारलं की एका दमात उत्तर मिळतं: चीनने हल्ला केला, दलाई लामा पळून आले, मागून लोक आले. चूक काही नाही यात. पण यात मधली आठ वर्षं गायब होतात. १९५१ ते १९५९. या आठ वर्षांत तिबेट आणि चीन यांच्यात चक्क एक शांतता करार होता. आणि त्या कराराला शेजारी देशाचा, म्हणजे आपला, राजनैतिक पाठिंबा होता. आजचा भाग त्या पाठिंब्याबद्दल आहे. कारण रोजच्या बातम्यांमध्ये आपण ऐकतो, ‘अमुक देशाने शांतता कराराला पाठिंबा दिला’. ऐकतो आणि पुढे स्क्रोल करतो. त्या पाठिंब्याचा नेमका अर्थ काय, हे समजून घ्यायला गोठणगावइतकी जवळची जागा आपल्याला सापडणार नाही.

आधी कागद काय होता ते बघू.

ऑक्टोबर १९५०. चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. चिनी सैन्याने नदी ओलांडून पूर्व तिबेटमधल्या चामदोवर चढाई केली. तिबेटचं सैन्य लहान, शस्त्रं जुनी. पंधरा दिवसांच्या आत चामदो पडलं आणि तिथले गव्हर्नर न्गापो न्गावांग जिग्मे पकडले गेले. पुढच्या वर्षी याच न्गापोंच्या नेतृत्वाखाली तिबेटचं शिष्टमंडळ पेकिंगला वाटाघाटीला बसलं आणि २३ मे १९५१ ला १७ कलमी करारावर सह्या झाल्या.

त्यात काय होतं? पहिलंच कलम म्हणतं की तिबेटी लोक मातृभूमीच्या ‘मोठ्या कुटुंबात’ परत येतील. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण चीनकडे. त्या बदल्यात चीन काय देतो, तर तिबेटची चालू राजकीय व्यवस्था बदलणार नाही, दलाई लामांचं स्थान आणि अधिकार तसेच राहतील, धर्माला आणि मठांना हात लावणार नाही, सुधारणांसाठी सक्ती करणार नाही. कागदावर वाचलं तर तडजोड वाटते. एकाने झेंडा घ्यायचा, दुसऱ्याने घर सांभाळायचं.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हा करार झाला तेव्हा चामदो चीनच्या ताब्यात होतं आणि सैन्य पुढे यायला तयार होतं. दुसरी, तिबेटी बाजू आजही सांगते की शिष्टमंडळाला सही करण्याचा अधिकारच नव्हता आणि कागदावरचे शिक्के पेकिंगमध्येच नवे बनवले गेले. दलाई लामा तेव्हा पंधरा वर्षांचे होते, सिक्कीमच्या सीमेजवळ यातुंगला मुक्काम होता, आणि करार झाल्याची बातमी त्यांना रेडिओवर कळली. तरी ते भारतात आले नाहीत, ल्हासाला परतले. ऑक्टोबर १९५१ मध्ये त्यांच्या नावाने करार मान्य असल्याची तार पेकिंगला गेली. चीन आजही त्या तारेवर बोट ठेवतो.

साक्षीदार की जामीनदार?

आता थोडं थांबू आणि गावात येऊ. समजा तुमच्या गावात दोन घरांत बांधावरून भांडण आहे. तंटामुक्ती समिती बसली, समझोता लिहिला गेला. त्या कागदावर पक्षकारांच्या सह्या असतात. मग साक्षीदार असतात. ते एवढंच सांगतात की होय, आमच्यासमोर झालं. एखाद्या व्यवहारात जामीनदारही असतो. तो म्हणतो, याने शब्द मोडला तर मला धरा. आणि चौथा एक माणूस गावात असतोच. तो बैठकीला आलेला नसतो, सही केलेली नसते, पण पारावर बसून सांगत असतो, ‘झालं ते बरं झालं, मिटलं एकदाचं.’

देशांच्या करारांमध्येही हेच चार प्रकार असतात, नावं फक्त भारदस्त. आणि १७ कलमी करारात भारत चौथा होता. पक्षकार नाही, साक्षीदार नाही, जामीनदार तर मुळीच नाही. पण पारावरचा माणूस जेव्हा गावातला वजनदार माणूस असतो, तेव्हा त्याच्या ‘बरं झालं’ला किंमत असते. प्रश्न हा की ती किंमत कोणाच्या खात्यात जमा होते.

पहिला प्रसंग करार व्हायच्याही आधीचा. नोव्हेंबर १९५० मध्ये तिबेटने संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. हा विषय मांडायला कोण पुढे आलं? मध्य अमेरिकेतला चिमुकला एल साल्व्हादोर! नकाशात आधी तो देश शोधा, मग पुढे वाचा. २४ नोव्हेंबरला सर्वसाधारण समितीत चर्चा झाली. भारताच्या बाजूने नवानगरचे जामसाहेब बोलले. त्यांचं म्हणणं असं की प्रश्न शांततेच्या मार्गाने सुटू शकतो असं भारत सरकारला वाटतं. शेजारीच असं म्हणतोय म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला ओढून घ्यायचं? विषय पुढे ढकलला गेला.

याच भारताने महिनाभर आधी चीनला निषेधाचे खलिते पाठवले होते, आणि चीनने उत्तर दिलं होतं की हा आमचा घरचा प्रश्न आहे. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० ला नेहरूंना लांबलचक पत्र लिहून सावध केलं होतं की उत्तरेची सीमा आता पूर्वीसारखी निर्धास्त राहिलेली नाही. पुढच्याच महिन्यात, १५ डिसेंबरला, पटेल गेले.

नेहरूंवर इथे झोड उठवणं फार सोपं आहे. यूट्यूबवर तर तो एक उद्योगच आहे. पण तेव्हाचं चित्र बघा. कोरियात युद्ध पेटलेलं, चिनी सैन्य तिथे उतरलेलं. भारत स्वतंत्र होऊन तीन वर्षं झालेली, काश्मीरचा प्रश्न ताजा. हिमालयात सैन्य न्यायला रस्ते नाहीत. तिबेटसाठी लढाई करणं भारताला शक्य नव्हतं, हे मला पटतं. मला न पटणारी गोष्ट वेगळी आहे. ती चार वर्षांनंतरची.

२९ एप्रिल १९५४. भारत आणि चीन यांच्यात पेकिंगला करार झाला. शाळेत आपण त्याला ‘पंचशील’ म्हणून पाठ केलं: परस्परांच्या सार्वभौमत्वाचा आदर, आक्रमण न करणं, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणं, समानता, शांततामय सहजीवन. पाच मार्कांचा प्रश्न. पण ही पाच तत्त्वं त्या कराराच्या प्रस्तावनेत होती. मुख्य करार कशाचा होता? ‘चीनचा तिबेट प्रदेश’ आणि भारत यांच्यातल्या व्यापाराचा आणि येण्याजाण्याचा. हे तीन शब्द पुन्हा वाचा. चीनचा. तिबेट. प्रदेश. तिबेट चीनचा भाग आहे हे भारताने व्यापाराच्या कागदात, शीर्षकातच, लिहून दिलं.

इंग्रजांकडून वारशाने आलेल्या काही गोष्टी तिबेटात भारताकडे होत्या. यातुंग आणि ग्यांत्सेला लष्करी तुकड्या, टपाल आणि तार-टेलिफोनची व्यवस्था, वाटेवरची बारा विश्रामगृहं. हे सगळं भारताने सोडून दिलं. सोडणं चूक नव्हतं. वसाहतवादी वारसा स्वतंत्र देशाने मिरवायचा कशाला? पण देताना काही मागायला हवं होतं ना. १९५१ च्या करारात चीनने तिबेटला जी स्वायत्तता कबूल केली होती, तिचा एका ओळीत तरी उल्लेख असावा, एवढंही नाही. आपली स्वतःची सीमा कुठून जाते, तेही नाही. नुसती सहा घाटांची नावं आली, यात्रेकरू आणि व्यापाऱ्यांसाठी. जामीनदार होण्याची ताकद नसेल, पण साक्षीदार होण्याची संधी होती. ती गेली. आणि कराराची मुदत किती? आठ वर्षं. जून १९५२ नाही, १९५४ पासून मोजा. जून १९६२ ला संपली. ऑक्टोबरात युद्ध.

भंडाऱ्याचं १९५४

इथे आपल्या भागाचा एक धागा येतो, जो मला हा भाग तयार करताना सगळ्यात जास्त भावला. त्याच १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. म्हणजे आजचा गोंदिया जिल्हा धरून. आणि उभे कोण होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. इथे ते हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. बाबासाहेब राज्यसभेत होतेच. २६ ऑगस्ट १९५४ ला तिथे परराष्ट्र धोरणावर चर्चा झाली, आणि त्यांनी पंचशीलावर थेट बोट ठेवलं. माओंचा पंचशीलावर खरंच विश्वास असता, तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा आणखी व्यवहारी होता: ल्हासा चीनला घेऊ देऊन आपण चीनची सीमा आपल्या सीमेपर्यंत आणायला मदत केली आहे.

पंचशील शील म्हणून कुठून आलं हे बाबासाहेबांपेक्षा चांगलं कोणाला माहीत असणार? दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात त्यांनी स्वतः पंचशील घेतलं आणि लाखो लोकांना दिलं. आणि ज्या जिल्ह्याने त्यांना पाडलं, त्याच जिल्ह्यात अठरा वर्षांनी तिबेटी बौद्धांची वसाहत उभी राहिली. हा योगायोगच, त्यात फार अर्थ शोधू नका. मी शोधून पाहिला.

नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभराने दलाई लामा भारतात आले, बुद्धांच्या २५०० व्या जयंतीच्या सोहळ्यासाठी. वय २१. तोवर तिबेटच्या पूर्वेला, खाममध्ये, उठाव सुरू झाला होता. त्याचं कारणही कागदातच होतं. चीनच्या मते १७ कलमी करार फक्त ल्हासाच्या कारभाराखालच्या भागाला लागू होता; खाम आणि आम्दो ही चिनी प्रांतांत मोडत होती. तिथे जमिनींच्या आणि मठांच्या ‘सुधारणा’ जोरात सुरू झाल्या. लिथांगच्या मठावर तर विमानातून बॉम्ब पडले. तिथले लोक पळून ल्हासाकडे येऊ लागले.

दलाई लामांनी दिल्लीत नेहरूंना सांगितलं की परत जावं की नाही, मी विचारात आहे. पुढचं त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय. नेहरू १७ कलमी कराराची प्रत घेऊन त्यांच्याकडे आले, कलमं एकेक करून दाखवली, आणि सल्ला दिला: परत जा, या कराराच्या आधारावरच शांततेने काम करा. त्याच सुमारास चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय दिल्लीत होते. तिबेटमधल्या सुधारणा पुढे ढकलू, असा शब्द त्यांच्याकडून मिळाला. दलाई लामा परतले.

हा प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. एकवीस वर्षांचा माणूस दारात उभा आहे आणि वयाने, अनुभवाने मोठा शेजारी त्याला त्याच्याच कराराची कलमं समजावतोय. मनापासून समजावतोय, यात शंका नाही. नेहरूंना खरंच वाटत होतं की कागदाला धरून राहिलं तर चीनला लाज तरी वाटेल. पण कलम मोडलं तर काय, या प्रश्नाचं उत्तर त्या प्रतीत नव्हतं. चीनने शब्द मोडला तर कोणाकडे जायचं हे १७ पैकी एकाही कलमात लिहिलेलं नाही. ज्याच्याकडे सैन्य, त्याच्याकडेच करारचा अर्थ लावायचा अधिकार.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १० मार्च १९५९ ला ल्हासात लोक रस्त्यावर उतरले. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा वेष बदलून निघाले. वाटेत, सीमेच्या अलीकडे ल्हुन्त्से झोंगला, त्यांनी १७ कलमी करार नाकारला. ३१ मार्चला ते तवांगच्या बाजूने भारतात आले. २० जूनला मसुरीत पत्रकारांसमोर पुन्हा सांगितलं की हा करार आम्हाला मान्य नाही, तो बळाने लादला होता. मागोमाग सुमारे ८० हजार लोक आले.

आणि इथे भारताने पारावरून उठून दार उघडलं, हे विसरायचं नाही. राजकीय पाठिंबा नाही, पण आसरा दिला. संयुक्त राष्ट्रांत १९५९ आणि १९६१ च्या तिबेट ठरावांवर भारत तटस्थ राहिला. १९६५ मध्ये, युद्ध होऊन गेल्यावर, ठरावाच्या बाजूने मत दिलं. दरम्यान थंड प्रदेशातली माणसं हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर राबत होती, मैदानी उन्हाने आजारी पडत होती. राज्यांकडून जमिनी मागितल्या गेल्या. आधी म्हैसूरने बैलकुप्पेला दिली, मग मध्य प्रदेशाने मैनपाटला, ओडिशाने चंद्रगिरीला. महाराष्ट्राचं गोठणगाव आलं १९७२ मध्ये. जव पिकवणारी, याक पाळणारी माणसं ४५ डिग्रीच्या उन्हाळ्यात धान लावायला शिकली.

मग पाठिंबा द्यायचाच नाही का? तसं नाही. दोन झटपट उदाहरणं. २९ जुलै १९८७ ला श्रीलंकेच्या करारावर भारताने स्वतः सही केली, म्हणजे आपण जामीनदारही झालो. पण ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्या एलटीटीईची त्यावर सही नव्हती. आपलं शांतिसैन्य तिथेच लढाईत ओढलं गेलं आणि सुमारे १,२०० जवान गेले. उलट नेपाळ. नोव्हेंबर २००५ मध्ये तिथले राजकीय पक्ष आणि माओवादी यांच्यात १२ कलमी समजुतीचा मसुदा दिल्लीत ठरला. भारताने जागा आणि सदिच्छा दिली, सही नाही. वर्षभराने शांतता करार झाला आणि हत्यारांवर नजर ठेवायला संयुक्त राष्ट्रांचं पथक आलं. फरक कुठे पडला? नेपाळमध्ये दोन्ही बाजूंना कराराची गरज होती आणि मोजदाद करणारा तिसरा होता. १९५१ मध्ये यातलं काहीच नव्हतं.

तिबेटच्या बाबतीत आपलं बोलणं त्यानंतर आणखी सावध झालं. जून २००३ मध्ये वाजपेयींच्या चीन दौऱ्यात भारताने लेखी म्हटलं की तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनच्या भूभागाचा हिस्सा आहे. म्हणजे नेहरूंवर टीका करणाऱ्या पक्षाचं सरकार आलं तरी कागद त्याच दिशेला गेला. २०१० नंतर मात्र भारताने संयुक्त निवेदनांत ‘एक चीन’ लिहिणं थांबवलं. २०२५ मध्ये नव्वदाव्या वाढदिवसाच्या आधी दलाई लामांनी जाहीर केलं की ही परंपरा पुढे चालेल आणि पुढचा दलाई लामा ठरवण्याचा अधिकार त्यांच्याच ट्रस्टचा असेल. चीनने लगेच हरकत घेतली. भारताचं परराष्ट्र खातं म्हणालं, श्रद्धेच्या विषयांवर आम्ही भूमिका घेत नाही. पण वाढदिवसाला केंद्रीय मंत्री धरमशालेत हजर होते. पारावरचा माणूस आता काही बोलत नाही, पण बसलाय कोणाच्या शेजारी ते दिसावं याची काळजी घेतो.

गंमत म्हणा की दुःख, दलाई लामांची मागणी आज स्वातंत्र्याची नाही. चीनमध्येच राहू, धर्म, भाषा आणि कारभार आमच्या हातात द्या, असा त्यांचा ‘मध्यम मार्ग’. २००२ ते २०१० मध्ये यावर चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या, हाती काही लागलं नाही. नीट पाहिलं तर १९५१ च्या कागदात जे द्यायचं कबूल केलं होतं, त्याच्या आसपासचंच ते मागतायत.

आणि गोठणगाव? भारताने निर्वासितांच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कायद्याच्या भाषेत हे लोक ‘परदेशी’. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, सगळे त्याला आरसी म्हणतात; ते मुदतीने नवं करून घ्यावं लागतं. परदेशी जायचं तर पासपोर्ट नाही, पिवळ्या रंगाचं ओळखपत्र. मात्र नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय. म्हणजे १९७५ ला या वसाहतीत जन्मलेली मावशी कायद्याने तुमच्याइतकीच भारतीय, आणि १९९० ला जन्मलेला एखादा मुलगा केवळ जन्माच्या आधारावर नाही. काही जण हक्क असूनही नागरिकत्व घेत नाहीत. आरसी सोडली तर तिबेटवरचा दावाही सोडल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं. काहींना बँकेचं कर्ज, सरकारी नोकरी, जमीन यांसाठी ते हवंय. एकाच घरात दोन्ही मतं असू शकतात.

पुढच्या भागात याच नागरिकत्वाच्या कायद्यावर बोलू: १९८७ ची ती तारीख आली कुठून, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तिबेटींच्या पासपोर्टबद्दल काय सांगितलं. तोवर स्वेटर घ्यायला गेलात, तर मावशींना गाव विचारा.